निफाडची थंडी

शाळेला पृथ्वीचा गोल मिळावा म्हणून मी तालुक्याला तीन अर्ज केले. त्यांचं काय झालं ते तिथल्या उंदरांनाच ठाऊक! शेवटी चौथीच्या मुलांना जगाचं हवामान मी डांगरावर शिकवलं. लाल भोपळ्याला आमच्याकडे डांगर म्हणतात, आणि हरसूलच्या बाजारात ते चांगलं गोल मिळतं. पोटाशी कुंकवाचा जाड पट्टा ओढला, तो उष्ण कटिबंध. त्याच्या वर-खाली हळदीचे पट्टे, ते समशीतोष्ण. देठाकडे आणि बुडाशी चुना फासला, ते शीत कटिबंध.

हरसूलपासून दोन कोस आत आमची एकशिक्षकी शाळा. कौलं जागोजाग फुटलेली, त्यामुळे सूर्य फुकटात मिळायचा. दार लावलं की आत कवडसा पडायचा. त्यात डांगराचं पोट धरलं की कुंकवावर लहानसा झगझगीत ठिपका उमटे. डांगर तसंच जरा खाली घेतलं की तोच कवडसा देठाजवळ तिरपा पडून पसरायचा आणि फिका व्हायचा. "बघा रे, ऊन तेच, पण इथे जास्त जागेत वाटलं गेलं. मग ऊब कमी, नाही का?" पोरं माना डोलवायची. शनिवारी त्या पृथ्वीची भाजी झाली आणि सगळ्यांनी मिळून खाल्ली. चुन्याकडचा भाग तेवढा मी काढून टाकला.

ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं. माझी लेक तेव्हा तीन वर्षांची. तिला बाळदमा. डोंगरातल्या पावसात तिला ठेवण्याची सोय नव्हती म्हणून ती नांदगावला माझ्या आईकडे राहायची. मी महिन्यातून एकदा जायची. आई म्हणायची, "बघ कोण आलंय!" आणि पोरगी आजीच्या पदराआड लपायची. परतीच्या एस.टी.त मी तोंडात पदर धरून रडायची आणि शेजारी कुणी चौकशी केली तर त्याच्यावर खेकसायची. माझा स्वभावच तसा, दुखलं की आधी चिडायचं.

नांदगाव भागात बदलीसाठी अर्ज केला होता. तो पुढे सरकायचा तर तपासणीत विस्तार अधिकाऱ्यांचा चांगला शेरा हवा. तपासणी ठरली शिमग्यानंतर.

आता एक गोष्ट लपवून उपयोग नाही. आमच्या गावातली निम्मी घरं दिवाळी झाली की जगायला जायची. त्या भागात मजुरीसाठी गाव सोडण्याला हाच शब्द आहे. बिऱ्हाड पाठीवर, पोरं बरोबर, निफाडकडे द्राक्षबागांवर. ती परतायची शिमग्याला. तेवढे दिवस पोरांच्या नावापुढे मी 'हजर' लिहायची. खरी गैरहजेरी लिहिली तर पटावरून नाव जायचं, पोराचं वर्ष बुडायचं. हे खरंच. पण पट घसरला की शेरा बिघडतो, हेही तितकंच खरं, आणि त्या वर्षी मला या दुसऱ्याच कारणाची काळजी जास्त होती.

साहेब आले. माणूस साधा, हसतमुख. खुर्चीवर बसून त्यांनी हजेरीपट मांडीवर उघडला आणि म्हणाले, "बाई, भूगोल घ्या."

मी नवं डांगर आणलं होतं. कवडशाचा प्रयोग केला. साहेब खुर्चीतून उठून बघायला आले. "वा, वा!" म्हणाले. माझ्या मनात नांदगावचं स्टेशन दिसायला लागलं.

मग त्यांनी वर्गाला विचारलं, "सगळ्यात जास्त थंडी कुठे असते, कोण सांगेल?"

चौथीतल्या एका पोरीचा हात सगळ्यांच्या आधी वर. दहा वर्षांची, काटकुळी, तीनच आठवड्यांपूर्वी बिऱ्हाडाबरोबर परत आलेली. मी डोळे वटारले. तिला वाटलं, बाई 'नीट उभी राहा' म्हणतायत. ती ताठ उभी राहिली.

"निफाडात, साहेब!"

साहेब खो खो हसले. "निफाडात? ते कसं काय?"

"लय थंडी, साहेब. पहाटंचं बागंत शेकोट्या पेटवाया लागत्यात, नाय तर घड करपत्यात. धूर धरून ठेवावा लागतो. माझी बोटं वळत नव्हती. तिथं ऊन पडतंच नाय दिस वर येस्तोवर."

किती सुरेख सांगितलं होतं हो तिने! मी महिनाभर घसा कोरडा करून जे शिकवत होते ते या पोरीने अंगावर काढलं होतं. थंडी म्हणजे काय हे त्या खोलीत तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, साहेबांनाही नाही. पण साहेबांचं हसू थांबलं होतं. ते हजेरीपटाची पानं मागे उलटत होते. पौष महिन्यातल्या पानांवर, तिच्या नावापुढे, ओळीने हजर, हजर, हजर.

"बाई, ही निफाडला कधी गेली होती?"

डोळ्यांपुढे आजीच्या पदराआड लपलेली माझी लेक आली. आणि मी बोलले, अगदी सहज बोलले, "कुठली जातेय साहेब! बापाच्या तोंडून ऐकलेलं सांगतेय. थापा मारायची खोडच आहे तिला."

निम्मी पोरं तिच्याबरोबरच बागेत होती, एकानेही तोंड उघडलं नाही. साहेबांनी तिला जवळ बोलावलं. "काय गं, गेली होतीस का निफाडला?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी नजर चुकवली नाही, हे जास्त वाईट. मला काय हवंय ते तिला माझ्या चेहऱ्यावरून कळलं.

"नाय साहेब. म्या नाय गेले."

"मग जास्त थंडी कुठे?"

"शीत कटिबंधात."

"शाबास!" साहेबांनी पट मिटला आणि शेरा लिहिला, 'अध्यापन उत्तम'. निघताना म्हणाले, "तुमचा नांदगावचा अर्ज मी वर पाठवतो." जूनमध्ये बदली झाली, आणि पावसाळा संपायच्या आत लेक माझ्या कुशीत झोपायला लागली. सुख झालं, खोटं कशाला बोलू.

पण त्या दुपारी जीप गेल्यावर वर्ग सुटला तरी ती पोरगी दाराशी घुटमळत होती. मला वाटलं, रडेल. रडली असती तर मी तिला जवळ घेतलं असतं, चुकले गं म्हटलं असतं. मला लाज वाटत होती, आजही वाटते. पण ती रडत नव्हती. ती आपली बाईंची शाबासकी घ्यायला थांबली होती.

"बाई, दुसऱ्या खेपंला बराबर सांगितलं ना म्या?"

"हो," मी म्हणाले.