दोन राजवटींचा वास

आमच्या घरात विधानसभेचे निकाल राजकारण म्हणून कधी ऐकले गेले नाहीत. आजाऱ्याला तपासून डॉक्टर बाहेर आल्यावर माणसे त्याच्या चेहऱ्याकडे जशी बघतात, तशी माझी आई त्या दिवशी टीव्हीकडे बघत असे. आजारी होता माझा धाकटा भाऊ आणि त्याचा आजार होता दारू. चंद्रपूर जिल्ह्यात दारू विकली जाईल की नाही, हे ज्यांच्याकडे सभागृहातले बहुमत असेल ते ठरवत. म्हणून ते बहुमत थेट आमच्या स्वयंपाकघरात उतरत असे.

आम्ही गडचांदूरचे. वाळत घातलेल्या कपड्यांवर इथे सिमेंटची मऊ पूड बसते; आईचे पांढरे लुगडे झटकले की उन्हात क्षणभर धुके उठते. भाऊ चुनखडीच्या खाणीवर ठेकेदाराकडे कामाला होता. लहानपणी विहारात वंदनेला बसलो की पंचशीलातले शेवटचे, मद्यापासून दूर राहण्याचे शील त्याच्याच कोवळ्या आवाजात सर्वांत स्पष्ट ऐकू येई. पुढे तो आवाज घोगरा झाला आणि मग विहारात येईनासाच झाला.

दारूबंदीसाठी आम्ही नागपूरला गेलो तो हिवाळी अधिवेशनाचा मोर्चा माझ्या तळव्यांना अजून आठवतो. डांबर इतके गार होते की बसल्याबसल्या पाय बधिर होत. विहारातल्या बाया होत्या, आमच्या गल्लीत शिलाई करणारी मुसलमान शेजारीण होती. सत्तेवरच्या पक्षाने निवेदन घेतले आणि समिती नेमली. विरोधी बाकांवरचे नेते मात्र आमच्यात येऊन रस्त्यावर बसले, आमच्या शिदोरीतला ठेचा खाऊन त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. ते म्हणाले, आमचे राज्य आले की बंदी आणूच. त्यांचे राज्य आले, आणि हे लिहायलाच हवे, त्यांनी शब्द पाळला. आईने त्या दिवशी गल्लीभर खीर वाटली.

दुकानांची शटरे खाली आली. भाऊ घरी झोपू लागला. त्याच्या हाताची थरथर इतकी कमी झाली की एका सकाळी त्याने स्वतःच्या हाताने दाढी केली, आणि आई व मी चुलीशी बसून वस्तऱ्याची ती कोरडी खरखर ऐकत राहिलो.

मग एका संध्याकाळी तो घरात आला आणि त्याच्यासोबत रबराचा वास आला.

दारू आता गाडीच्या ट्यूबमधून येत होती, दुधाच्या कॅनमधून येत होती. नदीपलीकडे गडचिरोलीत बंदी आमच्या कितीतरी आधीची. मार्कंड्याजवळ राहणाऱ्या माझ्या मावशीने आईला पूर्वीच सांगून ठेवले होते, "बाई, सरकार बंदी देते. गावात ते बायकायलेच आणा लागते." तिच्या गावात दारू विकणाऱ्याला बाया सभेत उभे करत. आमच्या गावात विकणारा कोण हे सर्वांना ठाऊक होते, पण सभा कोण भरवणार? आई एकटीच त्याच्या दारात गेली. तो आमच्याच ओळखीतला, तिला मावशी म्हणणारा.

"मावशी, सरकारनं बंद केली न? मी काय सरकारपेक्षा मोठा हाओ?"

"मंग माह्या पोराच्या तोंडाले वास कायचा येऊन राह्यला?"

"दात घासत नसन," तो म्हणाला, आणि ओट्यावरची माणसे हसली.

त्याच सुमारास भावासोबत काम करणाऱ्या एकाने कुठलेसे मिश्रण प्यायले आणि त्याची दृष्टी गेली. तेव्हापासून आई रोज भाऊ उठला की त्याच्यासमोर बोटे धरून विचारी, "दिसते न तुले?" तो चिडे. आईला मात्र दिवस सुरू करण्यासाठी ते उत्तर लागे.

सरकार बदलले. नवे आलेले, पूर्वी आमचे निवेदन घेणारेच, म्हणाले, बंदी फसली आहे, विषारी दारू बोकाळली आहे, राज्याचा महसूल बुडतो आहे. त्यांनी पुन्हा समिती नेमली आणि बंदी उठवली. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते, आणि म्हणूनच मला रागाला टेकायला भिंत सापडेना. दुकानांना झेंडूच्या माळा लागल्या. माझ्या आईने पांढरे लुगडे नेसले आणि ती त्या दुकानासमोरच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

मी तिला शोधत गेले तेव्हा पुरुषांच्या त्या घामट रांगेत तिच्या मागेपुढे थोडी मोकळी जागा सुटलेली होती. कुणीतरी म्हणाले, "काऊन बाई, तुम्ही त मोर्च्यात होत्या न?"

"होती न," आई पुढे बघतच म्हणाली. "आताबी मोर्च्यातच हाओ."

तिचा हिशेब सरळ होता. सोडणे त्याच्याने होत नाही. मग निदान विष तरी पोटात जाऊ नये. सीलबंद दारू ती स्वतः आणील, स्वतःच्या हाताने थोडी देईल, रोज थोडी कमी करील. बाटली तिने विहाराकडे तोंड असलेल्या फडताळात ठेवली नाही, मोरीतल्या कोनाड्यात ठेवली. ती वाटीत दारू ओतायची तेव्हा तिचे ओठ हलत. क्षमा मागत होती की मोजत होती, मी कधी विचारले नाही. या दारूचा वास गोडसर होता, पाकासारखा, घरात रेंगाळणारा. एका राजवटीने आम्हाला रबराचा वास दिला, दुसरीने हा. दोन्हींखाली भावाच्या अंगाचा मूळ वास, चुना आणि ऊन यांचा, मला हळूहळू सापडेनासा झाला. आईच्या वाटीवर तो थांबला नाही. दुकान आता लपलेले नव्हते, खाणीच्या वाटेवरच होते.

पुढे सत्ता पुन्हा फिरली. ज्यांनी बंदी आणली होती तेच परत आले. आईचा चेहरा उजळला. दुकाने बंद होतील म्हणून ती वाट बघत राहिली आणि दुकाने उघडीच राहिली. शेवटी ती त्या पक्षाच्या आमच्या गावातल्या कार्यकर्त्याकडे गेली, मोर्चात आमच्या शेजारी बसलेल्याकडेच.

"मावशी, आता परिस्थिती बदलली," तो म्हणाला. त्याने चहा मागवला, अदबीने खुर्ची दिली.

"माही त नाई बदलली, भाऊ."

"वरून धोरण येते न. आपल्या हातात काय हाये?"

आईने चहा घेतला नाही. रस्त्यात ती मला म्हणाली, "एकानं आयकून घेतलं अन् काई केलं नाई, एकानं केलं अन् मंग पाह्यलंच नाई. मी दोघायलेबी मत देऊन पाह्यलं, बाई. आता तिसरं कोठून आणू?"

पुढच्या निवडणुकीच्या निकालाच्या दिवशी आम्ही चंद्रपूरच्या दवाखान्यात होतो. भावाचे डोळे हळदीसारखे झाले होते, पोट तट्ट फुगले होते आणि त्यावरच्या शिरा निळ्या उमटल्या होत्या. खिडकीबाहेर फटाक्यांची माळ लागली. धूर आत आला. वॉर्डातले लोक मोबाइलवर आकडे बघत होते. आईने कुणाला काही विचारले नाही. डॉक्टर आले, आम्हाला दाराशी घेऊन गेले, आणि हलक्या आवाजात म्हणाले की आता घरी नेलेत तरी चालेल.

आई परत खाटेशी आली आणि त्याचे कपडे पिशवीत भरू लागली. भाऊ बघत होता.

"माय, सुट्टी देल्ली?"

"देल्ली."

"म्हंजे बरा झालो मी?"

आईने त्याच्या चपला पुढे ओढल्या. "हो," ती म्हणाली, "चाल." सुजलेल्या पायांत चपला शिरेनात. तिने एक पाय मांडीवर घेतला, पट्टा सैल केला, पुन्हा घालून पाहिला, दुसरा घेतला. मग चपला काखेत धरून तिने त्याला उठवले, आणि तो माझ्या खांद्यावर हात टाकून, थंड फरशीवर अनवाणी, बऱ्या झालेल्या माणसासारखा हसत चालू लागला.