चिपाडाचे बूट

वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी मला कळलं, की मी फक्त गळ्यापर्यंत शाकाहारी आहे.

हा शोध माझा नाही. साताऱ्यात आमचा निवृत्तांचा एक जथा रोज सकाळी चार भिंतीच्या टेकडीपर्यंत फिरायला जातो. त्यातल्या सुभेदारांनी तो लावला. (सुभेदार निवृत्त झालेत, त्यांचा आवाज अजून नोकरीत आहे.) मी नेहमीप्रमाणे सांगत होतो, की आमच्या घरात तीन पिढ्यांत अंडं शिरलेलं नाही, केकसुद्धा मी बेकरीवाल्याला शपथ घालूनच विकत घेतो, वगैरे. सुभेदार एकदम थांबले.

"समदं खरं सायेब, पण पायात काय हाय?"

"चप्पल. कोल्हापुरी."

"आन् कमरंला?"

"पट्टा."

"म्हंजी पायात म्हैस, कमरंला रेडा, आन् वर तुमी शाकाहारी!"

अख्खा जथा खो खो हसला. मी आयुष्यभर पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क होतो. तिथे माणूस टोमणे खायला शिकतो, पण तेही शाकाहारी असतील तरच! घरी आलो आणि चपला, बूट, पट्टा, पाकीट, लोकरीचा कोट असं सगळं एका पोत्यात भरलं. मग मोर्चा सुलभाच्या, म्हणजे बायकोच्या, कपाटाकडे वळवला. एका रेशमी साडीसाठी केवढे किडे उकळत्या पाण्यात टाकतात, हे मी तिला समजावून सांगू लागलो.

ती कपाटाला पाठ लावून उभी राहिली. "माझ्या एका किड्याला हात लावून दाखवा," ती म्हणाली.

मी माझी चळवळ पुरुषांच्या कपड्यांपुरती मर्यादित केली.

आता यात खरी पंचाईत अशी होती, की पंधरा दिवसांनी आम्हाला म्हसवडला जायचं होतं. आमचा मुलगा ओंकार पुण्यात नोकरी करतो. त्याच्याच ऑफिसातली रूपाली त्याला आवडली होती. ती म्हसवडची. दोन्ही घरांच्या गळी हे लग्न उतरवायला त्याला दोन वर्षं लागली होती. रूपालीचे वडील फौजेत, त्यांना रजा मिळेना, म्हणून बोलणी तिच्या आजोबांशी, आबांशी, होणार होती. ओंकारचं सगळं सुख त्या एका बैठकीवर टांगलेलं होतं.

सुलभानं सरळ अट घातली. "चामडं नको तर नको. पण वरबाप म्हणून नीट दिसायचं. गबाळं दिसलात तर मी गाडीतून उतरणार नाही."

प्राण्यांना न दुखावता रुबाबदार दिसणं हे साताऱ्यात किती अवघड आहे, हे ज्यानं करून पाहिलं त्यालाच ठाऊक. आमचे नेहमीचे बूटवाले रफिकभाई. मी दुकानात शिरून म्हणालो, "एक झकास बूट दाखवा. पण चामड्याचा नको."

रफिकभाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "साहेब, अब्बांच्या वेळेपासून ह्या दुकानात एकच सवाल ऐकलाय, नकली तर नाही ना? खरा तर नाही ना, असं विचारणारे तुम्हीच पहिले."

"खात्रीचा नकली हवा."

"आता नकलीची खात्री कशी द्यायची? उद्या खरा निघाला तर तुम्ही भांडायला येणार!"

शेवटी शिडी लावून त्यांनी वरच्या फळीवरून रेक्झिनची एक जोडी काढली. आरशासारखी चकाकत होती. घालून चार पावलं टाकली, तर प्रत्येक पावलाला उंदीर चिरडल्यासारखा आवाज! प्राणिमित्राच्या पायातून तो बरा वाटला नसता.

"ह्याची एकच गॅरंटी," रफिकभाई म्हणाले. "लग्नात कुणी पळवून नेणार नाही."

पट्ट्याचं मात्र जमलं. साताऱ्यात माजी सैनिकांना काय तोटा? फौजी सामानाच्या दुकानात हिरव्या जाड कापडाचा पट्टा मिळाला. त्यावर तळहाताएवढं पितळी बक्कल होतं. कोटासाठी शंभर टक्के पॉलिएस्टरचं चंदेरी कापड घेतलं. शिंपी म्हणाला, "साहेब, आग लागली तर ह्याच्यापासून लांब राहा." मी म्हटलं, "मेंढी तर वाचली!"

उरले बूट. त्यासाठी मी थेट सांगली गाठली. विश्रामबागेत परदेशात शिकून आलेल्या एका मुलीनं नवं दुकान काढलंय, असं ऐकलं होतं. तिनं माझ्यापुढे बदामी रंगाची, निमुळत्या टोकाची, बारीक शिलाईची एक जोडी ठेवली. काय देखणे बूट होते ते!

"कशाचे आहेत?"

"काका, उसाचं चिपाड आणि केळीच्या खोडाच्या सोपटाचा धागा."

सांगली जिल्ह्यात उसाचं काय काय होतं ते मला माहीत होतं, पण बूट होतात हे नवीन होतं. मी एक बूट नाकाशी धरला. गुऱ्हाळावरून गेल्यासारखा मंद गोड वास आला.

"प्राणिस्नेही आहेत ना नक्की?"

"शंभर टक्के!" ती म्हणाली. तिच्या बोलण्यात किती तथ्य होतं, हे पुढे कळलंच.

सुलभानं ते बूट पाहिले आणि लग्नानंतर प्रथमच माझ्या पायांकडे कौतुकानं बघितलं. मला भरून आलं.

म्हसवडला निघालो. पुसेगावपर्यंत ओंकार गप्प होता. दहिवडी आली तसा म्हणाला, "बाबा, एक विनंती आहे. तिथे प्राण्यांवर बोलू नका."

"मी कशाला बोलतोय?"

"मेंढरांवर तर अजिबात नको. त्यांचं घर मेंढरांवर उभं राहिलंय. आबा अजून स्वतः घोंगडी विणतात."

"शब्द देतो," मी म्हणालो आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. चट्कन ठिणगी उडाली. माणदेशातली कोरडी थंड हवा आणि माझा शंभर टक्के कोट! गाडी हातभर वाकडी गेली.

आबांचं घर गावाच्या कडेला होतं. पुढे अंगण, एका बाजूला मेंढरांचा वाडा, ओसरीच्या कोपऱ्यात माग. आबा फेटा बांधून वाटच बघत होते. "या पावणं, या! लय वाट बगितली." मी बूट अंगणात काढले आणि ओसरीवर चढलो. तिथे एक काळीभोर, कोरी घोंगडी अंथरली होती.

"टेका पावणं."

मी उभाच. एका घोंगडीला किती मेंढ्या लागत असतील, याचा हिशेब माझ्या डोक्यात सुरू झाला होता. "मी खालीच बसतो," मी म्हणालो.

"फरशी गार हाय."

"चालेल."

"आवं, तुमच्यासाटीच ईणलिया. दोन म्हयनं मागावर व्हतो."

इथे कुठलाही शहाणा माणूस बसला असता. किंबहुना मूर्खही बसला असता. पण माझ्यातला नवा प्राणिमित्र पंधरा दिवसांचाच होता. नव्याचं तोंड आवरत नाही. मी घसा खाकरून म्हणालो, "तसं नाही आबा. मी लोकर वापरत नाही. मुक्या मेंढरांवर तो अन्याय आहे."

रूपालीची आई गूळ-पाण्याचं ताट घेऊन दारात आली होती. ती तशीच मागे वळली. मला वाटलं, चहाच आणतेय थेट. ओंकारचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो माझ्या कानात पुटपुटला, "बाबा, इथं पाहुणा घोंगडीवर बसला नाही, म्हणजे सोयरीक नको, असा अर्थ होतो!"

घाईघाईनं मी सारवासारव केली. "अहो, गैरसमज नको! मुलगी पसंत आहे. हरकत आहे ती फक्त मेंढीला!"

आबांनी माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. "आवं, मेंढरू कातरलं न्हाई तर उन्हाळ्यात तडफडून मरतंय. तुमी न्हाई व्हय केस कापत?" मग त्यांची नजर माझ्या टकलावर गेली. "कापत व्हता न्हवं, कवातरी?"

सुलभा मागून माझा कोट ओढत होती (तिलाही शॉक बसला). "बसा हो मुकाट्यानं!" पण टकलाचा उल्लेख झाल्यावर माणूस तत्त्वाला जास्तच घट्ट धरतो. "प्रश्न केसांचा नाही, तत्त्वाचा आहे," मी म्हणालो.

"बरं," आबा उठले. आवाज चढला नव्हता, उतरला होता. "ऱ्हायलं मग. तुमचं तत्त्व तुमास्नी लखलाभ. पर उपाशी जाऊ नगा. तुमी शाकाहारी म्हनून सुनंनं नवी पातेली आणल्यात. जेवून जावा."

ते ऐकलं आणि मला स्वतःचीच लाज वाटली. माझ्या एका जेवणासाठी त्या बाईनं नवी भांडी आणली होती, आणि मी त्यांच्या दोन महिन्यांच्या कष्टाला ढुंगण टेकायला तयार नव्हतो. सुलभाच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. ओंकार माझ्याकडे न बघता म्हणाला, "चला, बाबा. निघू या." दारात रूपाली उभी होती. ती नुसती त्याच्याकडे बघत होती. मी ओसरीवरून खाली उतरलो.

अंगणात एकच बूट होता.

दुसरा एका पांढऱ्या शेळीच्या तोंडात होता. टाचेचा भाग उरला होता, बाकी चंदीसारखं चावणं चाललं होतं. नाडी तिच्या ओठातून शेवयीसारखी आत सरकत होती.

"आबा! चंपी!" रूपाली ओरडली.

मी धावलो. टाच धरली आणि ओढली. शेळीनंही ओढली. खाणं सोडून द्यायला ती काही निवृत्त नव्हती. शेवटी तिचं तोंड उघडावं म्हणून मी तिच्या नाकाला हात लावला आणि कोटानं चट्कन ठिणगी टाकली! प्राणिमित्रानं आयुष्यात पहिल्यांदा एका प्राण्याला हात लावला, तोही करंट देऊन! चंपी बॅ करून उधळली आणि जाता जाता दुसरा बूटही उचलून घेऊन गेली.

आबा काठी टेकत आले. पडलेली टाच त्यांनी उचलली, उलटीसुलटी केली, हुंगली. "आवं, ह्याला गुळाचा वास येतुया."

"चिपाडाचा आहे," मी पडेल आवाजात म्हणालो. "उसाच्या. आणि केळीच्या सोपटाचा."

"चिपाड? पायात?"

आबा आधी गालात हसले. मग त्यांचे खांदे हलू लागले. मग ते खालच्या पायरीवर बसलेच. "पावणं! पायात वैरण घालून मेंढरवाड्यात आला, आन् शेळीनं खाल्ली म्हनून बोंबलताय व्हय!"

रूपालीची आई पदर तोंडाला लावून आत पळाली. रूपाली हसली, ओंकारही हसू दाबत होता. सुलभा तर मोकळेपणानं हसत होती. मीही मोठ्या मनानं हसावं म्हणून एक पाऊल पुढे टाकलं आणि त्याच पायात बाभळीचा काटा कच्कन घुसला. "आई गं!" मी उडालो, एका पायावर लंगडत मागे सरकलो, ओसरीच्या कडेला मांडी आपटली आणि मागच्या मागे जो कोसळलो तो थेट घोंगडीवर. चांगला ऐसपैस!

मग आबा काठी उंचावून ओरडले, "टेकलं! पावणं टेकलं! अगं, गूळ-पाणी आणा!"

"आबा, मी..." मी काटा धरून म्हणालो.

"आता उठायचं न्हाई!" आबा, ओंकार आणि सुलभा एकदमच म्हणाले.

मी उठलो नाही. खरं सांगतो, उठावंसं वाटलंच नाही. आबांनी माझा पाय आपल्या मांडीवर घेतला आणि सुईनं काटा अलगद काढला. "माफ करा आबा," मी म्हणालो. "माझंच चुकलं." ते म्हणाले, "हालू नगा, टोक आत ऱ्हाईल." तेवढ्यात चहा आला. दाट, गोडसर, वेगळ्याच चवीचा. मी दोन कप प्यायलो आणि रूपालीच्या आईला विचारलं, "दूध कुठलं हो?"

"आपल्या चंपीचंच की."

"म्हंजी उद्या या परत," आबा म्हणाले. "तुमचा बूट तुमास्नीच पाजतो."

जेवणं झाली, बोलणी झाली, सुपारी फुटली. निघताना मी अनवाणी होतो, म्हणून आबांनी आपल्या जाडजूड करकरत्या वहाणा माझ्यापुढे ठेवल्या. त्या कुणाच्या कातड्याच्या आहेत, हे मी विचारलं नाही.

लग्न थाटात झालं. परवा सगळे चहाला बसलो असताना माझ्या मनात जे कित्येक दिवस होतं, ते मी सूनबाईला विचारलंच. "रूपाली, खरं सांग. मी एवढा तत्त्वासाठी उभा राहिलो, त्याचा आबांवर काही परिणाम झाला असेल ना?"

"झाला की, बाबा. तुम्ही गेल्यावर आई काळजीत होती, सासरा डोक्यानं कसा असेल म्हणून. आबाच तिला म्हणाले, 'पोरीला बिनघोर दे. पोरगं गुणाचं हाय, सासूबी शानी हाय. आन् सासऱ्याचं मनावर घिऊ नगंस. गरीब जनावर हाय त्ये, नुसतं बँ बँ करतंय.'"

आता मी प्राणिमित्र राहिलेलो नाही. म्हसवडच्या जाणकारांनी मला परस्पर कळपातच घेतलंय.