कागद एक, गल्ल्या पाच

नोटीस हातात दिली की आमचा दवंडीवाला ती उलटीसुलटी करून पाही आणि म्हणे, “कागद एक हाय बाई, पण गल्ल्या पाच!” मग चहावाल्याच्या भट्टीवर हलगी शेकून निघे.

मुलांनो, परभणी जिल्ह्यातल्या त्या लहानशा नगरपालिकेत तुमची आजी कारकून होती. तिथं मराठी, दखनी, मारवाडी, लमाणी आणि वडारांची तेलुगू अशा पाच बोली चालत. दवंडीवाल्याला पाचही येत. मारवाडी गल्लीत तो आधी लोणच्याची चौकशी करी. तांड्यावरच्या बाया त्याला शिव्या देत, तो त्या त्यांच्याच बोलीत परत करी. नळाच्या एका नोटिशीला अख्खी दुपार लागे. मी शिस्तीची बाई, रागवायची. तो म्हणे, “पाणी उद्या येणार हाय बाई, मी आजच पोचलो की!”

आणीबाणी उठून दोनेक वर्षं झाली होती. नव्या साहेबांनी जीपवर भोंगा बसवला. “पटकीच्या लशीची दवंडी जीप देईल, शुद्ध मराठीत. हलगी बंद. याला जकातनाक्यावर बसवा.”

आदेश मीच टाइप केला. दवंडीवाला रडवेला झाला. “नाक्यावर कुणाशी बोलू बाई? बैलांशी?”

दुसऱ्या दिवशी भोंगा वाजला आणि सगळं गाव ज्वारीत पळालं! सरकारी जीप आणि सुई म्हणजे नसबंदी, हे आणीबाणीनं सगळ्यांना शिकवलं होतं. सत्तरीचे शेठजीसुद्धा धोतर सावरत पिकात शिरले. लस टोचायला उघडलेल्या शाळेत उरल्या दोन नर्सबाई आणि रिकामी बाकं.

साहेब हळूच म्हणाले, “त्याला बोलवा.”

तो बांधावर उभा राहून ओरडला, “खाला, सुई हात को लगती, नीचे कुच नई! डरो नक्को!” मग मारवाडीत, लमाणीत, तेलुगूत. दर वेळी पिकाचा वेगळा कोपरा खिदळे. तेवढ्यात तांड्यावरची एक म्हातारी आतून लमाणीत गरजली, “आधी तू टोचून घे!”

त्याचा चेहरा पांढराफटक. सुईला तो भयंकर घाबरे. पण त्यानं नर्सबाईंना बांधावर बोलावलं, बाही वर केली आणि डोळे मिटले. त्यानं जी किंकाळी फोडली, ती कुठल्याच भाषेत नव्हती. कळली मात्र सगळ्यांना. अख्खी ज्वारी हसली.

साहेबांनी आदेश परत मागितला. मी तो फाईलमधून काढला आणि स्वतःच फाडला, अगदी सरळ रेषेत.

तो जाऊन बरीच वर्षं झाली. मला मात्र तो अजून त्या बांधावरच दिसतो: दंड चोळत पुढं चाललेला, आणि मागं हसत, ढकलाढकली करत, बाह्या वर सारत ज्वारीतून बाहेर येणारं सगळं गाव.