शेवंतामावशींचा शेरा

रुक्मिण. वय चौतीस. कमरेखाली जाणीव नाही, बोलता येत नाही. मागच्या डिसेंबरातल्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी पावणेआठला अंघोळीच्या पाण्यानं तिच्या दोन्ही मांड्या भाजल्या. त्याच दुपारी तिच्या निवासी गृहाच्या शेरेबुकात तपासणी अधिकाऱ्यांनी लिहिलं, 'स्वच्छता उत्तम. निवासी समाधानी.' मांजरसुंब्याजवळच्या त्या गृहाचं नाव छापत नाही, कारण चौकशी चालू आहे. म्हणजे फाईल टेबलावर पडून आहे.

पाणी ओतलं होतं शेवंतामावशींनी, तिथल्या काळजीवाहक बाईंनी. हे मला लिहायचं नव्हतं. मावशींना हेच आधी हवं होतं.

साठीच्या, किडकिडीत, आवाज मात्र खणखणीत. दिव्यांगांच्या हक्कांची पत्रकं घेऊन मी पहिल्यांदा गेले, तेव्हा गठ्ठा काढून घेत म्हणाल्या, "ह्ये ठिव तिकडं. आदी ह्या दादाचे पाय धर, खाटंवर घ्यायचंय." पाहुण्याला कामाला लावल्याशिवाय त्या सोडत नसत. कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाला पोरं केळी वाटायला आली. एकानं हात न हलणाऱ्या माणसाच्या मांडीवर केळं ठेवून फोटो काढला. मावशी म्हणाल्या, "सोलून भरव की रे. का फोटूच खायाचा त्यानं?" पोरगं पसार. "हुबं राहून निस्ती दया येती," मावशी मला म्हणाल्या, "वाकलं की काम व्हतं."

तपासणी 'अचानक' असते. फोन दोन दिवस आधी येतो. मग पेटीतल्या नव्या चादरी निघतात आणि एरवी बारापर्यंत चालणाऱ्या अठ्ठावीस जणांच्या अंघोळी नऊच्या आत उरकायच्या असतात. बाया दोनच. कढत पाण्याच्या नळाला थंड पाणी मिसळायची सोय नाही. विसावणाचं गार पाणी घालायचं बादलीत, हातानं. त्या मंगळवारी दुसऱ्या बाईनं भरून ठेवलेली बादली विसावलेलीच आहे असं मावशींना वाटलं. रुक्मिण ओरडली नाही. तिला कळलंच नाही. नवा गाऊन घालून तिला तपासणीच्या साहेबांसाठी पुढच्या रांगेत बसवलं.

दुपारी कपडे बदलताना मावशींना फोड दिसले. त्या तडक ऑफिसात गेल्या. साहेबांच्या खांद्यावर शाल, हातात पोह्यांची बशी.

"सायेब, आमची रुक्मिण भाजली. माझ्या हातानं. लिवा."

"अहो बाई, शेरा लिहून झालाय. आता खाडाखोड कशी करू?"

"मग खाली लिवा. जागा हाय की."

साहेबांनी लिहिलं नाही. मावशींनी टेबलावरचा पेन उचलून त्यांच्या सहीखाली लिहिलं: 'रुक्मिण भाजली. पानी मी वतलं. नळ बगा. शेवंता.' मग रिक्षा बोलावून रुक्मिणला बीडच्या दवाखान्यात नेलं. तिसऱ्या दिवशी ते पान फाडलेलं होतं आणि मावशी कामावरून कमी.

मी पत्रक लिहिलं. त्यात मावशींचं नाव नव्हतं. 'व्यवस्थेनं भाजलं' असं होतं. मावशी वडवणीला आपल्या लेकीकडे राहायला गेल्या होत्या. तिथं जाऊन वाचून दाखवलं, तर उखडल्या. "आगं पोरी, येवस्थेनं बादली उचलली का? बादली मी उचलली, घाई त्यांनी केली. दोनी लिव."

"मावशी, ते सगळं तुमच्यावर ढकलतील!"

"ढकलू दे. कावून खोटं छापायचं?"

मी दोन्ही छापलं. ढकललंच. गृह चालवणाऱ्या संस्थेचं उत्तर आलं: कर्मचाऱ्यानं चूक मान्य केली आहे, विषय संपला. नळाबद्दल एक अक्षर नाही. मी मावशींवर चिडले, अजून चिडलेली आहे. त्यांच्या खरेपणाची या लोकांनी ढाल केली. मावशींचं आपलं एकच: "माझं झालं. आता नळाचं इचार."

विचारतेय. चार अर्ज झाले. नळ तसाच आहे, रुक्मिण त्याच न्हाणीत अंघोळ करते आणि पुढच्या तपासणीचा फोन कालच येऊन गेला.

म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्या तालुक्यात असं गृह असेल, तर उद्या सकाळी, अंघोळी सुरू व्हायच्या आधी, न कळवता जा. न्हाणीचा नळ सोडायला लावा. दिसेल ते शेरेबुकात लिहा, खाली स्वतःचं पूर्ण नाव घाला आणि त्या पानाचा फोटो काढूनच बाहेर पडा.