क्रांतीला गोलात कुणी घातलं?

संयोगिताबाईंच्या हाती शाळेचा मुलींचा हॉकीचा संघ आला, तेव्हा तिथं एक जुनी रीत होती. जी पोरगी उशिरा येईल, अंगानं जड असेल, नाहीतर उलट बोलेल, तिला गोलात उभं करायचं. गोल म्हणजे शिक्षा. साहजिकच तिथं कुणाचं मन रमायचं नाही आणि संघ भसाभस गोल खायचा. कोल्हापुरात फुटबॉलपुढं हॉकीला आधीच कोण विचारतं. त्यात हरणाऱ्या पोरींना तर कुणीच नाही.

बाईंनी पहिल्याच वर्षी संघातली सगळ्यांत चपळ पोरगी, आठवीतली क्रांती, गोलात घातली.

दुसऱ्या दिवशी तिची आई शाळेच्या दारात हजर. म्हशीची धार काढून तशीच आलेली.

"बाई, माझ्या पोरीनं काय गुन्हा केला व्हय? घोड्यागत पळती, आन् तिला दारात बसवलासा राखण करायला?"

"दारात भरवशाचं माणूसच बसवतो ना आपण?"

"आमच्यात सासऱ्याला बसवत्यात. दुसरं काय जमत न्हाय म्हणून."

बाईंना हसू आलं. पण पोरगी गोलातच राहिली.

आधी गोल खायचं थांबवू, मग घालायचं बघू, एवढंच बाईंचं म्हणणं होतं. वर्षभर त्यांनी पोरींकडून नुसतं चेंडू अडवणं आणि ढकलणं करून घेतलं. बघणारे म्हणायचे, बाई झाडलोट शिकवतायत. घरी नवरा, धैर्यशील, ताटावर बसला की विचारायचा, "आज किती खाल्ले?" आमटी वाढता वाढता बाई आकडा सांगायच्या. आकडा उतरत चाललाय हे त्याच्या कधी ध्यानात आलं नाही. बाईंनीही सांगितलं नाही.

क्रांती दहावीत गेली त्या वर्षी संस्थेचे सेक्रेटरी विजयसिंह मैदानावर येऊन म्हणाले, "बाई, लई धीर धरला आम्ही. यंदा जिल्ह्याच्या स्पर्धेत उपांत्य फेरी गाठली न्हाय, तर मैदान फुटबॉलच्या पोरांना."

गटातला शेवटचा सामना जिंकायलाच हवा होता. मध्यंतरापर्यंत एकही गोल नाही, ना इकडून ना तिकडून. क्रांतीनं हेल्मेट काढलं. केस कपाळाला चिकटलेले.

"बाई, आता मला पुढं सोडा. एक गोल घालतेच. परत मी कुठं खेळणार हाय?"

ती घालेल, हे बाईंना ठाऊक होतं. पण मागच्या फळीतल्या बारक्या पोरी क्रांतीच्या हाकेवर उभ्या होत्या. आज तिला बाहेर काढलं, तर वेळ आली की गोल सोडून पळायचं, हेच त्या शिकल्या असत्या. पण ह्या शिकवण्यापायी आपण एका पोरीची हौस मारतोय, हेही बाईंना कळत होतं.

"हेल्मेट घाल," त्या म्हणाल्या.

क्रांतीनं घातलं. बाईंकडं बघितलं नाही.

शेवटी शेवटी एक गोल बसला. संघ हरला.

विजयसिंह गाडीपाशी थांबले होते. "मागं ह्याच शाळेनं आमच्या पोरींवर नऊ घातलेले की हो," ते म्हणाले. मग गाडीचं दार उघडत, "आठवड्यातले चार दिवस फुटबॉल. दोन तुमचे."

बाईंनी दोन दिवस घेतले. क्रांती मात्र पुन्हा मैदानाकडं फिरकली नाही. व्हरांड्यात समोर आली, तर मान खाली घालून जायची. चूक झाली असं बाईंना वाटायचं नाही, पण घास गोड लागायचा नाही.

दहावीची परीक्षा संपली. एका सकाळी सराव चालू असताना क्रांती फाटकातून आत आली आणि पॅड बांधायला बसली.

"तो गोल माझ्या डाव्या पायाच्या भाईरनं गेलता," ती म्हणाली. "डावीकडं मारा."

"तुझी शाळा संपली गं."

"म्हणून काय झालं? म्हायेरी यायला बंदी हाय?"

बाईंनी चेंडू डावीकडं मारला. क्रांती झेपावली, चुकली, धुळीत पालथी पडली.

"परत," ती ओरडली.