बोटीवरचं भरीत

धुळ्याला समुद्र नाही, हे गावातल्या प्रत्येकाने मला एकदा तरी सांगून पाहिलंय. जसं काही मला ठाऊकच नव्हतं! बाईमाणूस असून जहाजांचे आराखडे काढायला शिकले, ऐंशीच्या दशकात मुंबईला नोकरीला लागले, आणि वडिलांचा, म्हणजे आबांचा, डावा हात लुळा पडला तशी धुळ्याला परत आले. आई आधीच गेलेली, मी एकुलती एक. आबा गिरणीतून निवृत्त झालेले आणि धुळं सोडणाऱ्यातले नव्हेत.

मुंबईच्या साहेबांनी मेहेरबानी केली. एका बड्या गिऱ्हाइकाला स्वतःच्या मनासारखी मोटर यॉट हवी होती, वेगवान आणि आरामशीर. "ही घरी बसून काढ," साहेब म्हणाले. "त्यांना पसंत पडली तर पुढची कामंही धुळ्याला पाठवू. नाही पडली तर मुंबईला ये, नाहीतर राजीनामा दे."

म्हणजे नोकरी आणि आबा, दोन्ही त्या एका बोटीवर अवलंबून होते. मी पुढच्या खोलीत मोठा बोर्ड मांडला. आबा खाटेवर पडून बघत राहायचे. "हाई बठ्ठं पानीमा तरंगी का, माय?" हे सगळं तरंगेल का, असं रोज विचारायचे आणि मी रोज चिडायचे.

वेग आणि आराम या सवती असतात. एकीचं कौतुक केलं की दुसरी रुसलीच. पळायचं तर बोट हलकी हवी, आणि आराम म्हटला की माणसाला गाद्या, कपाटं, संगमरवर सुचायला लागतं. गिऱ्हाईक आमच्याकडचंच निघालं, सावद्याचं. केळीच्या व्यापारात वर आलेले, मुंबईत बंगला. मी त्यांना नाना म्हणायचे. "नाना, बोट म्हणजे बंगला नव्हे," असं सांगून मी संगमरवर काढायला लावला. झोपायची खोली त्यांना अगदी पुढे, नाकाशी हवी होती. लाटांवर सगळ्यात जास्त तेच आपटतं, म्हणून ती मी मध्यावर आणली. इंजिनाचा आवाज खोलीत येऊ नये म्हणून भिंती पुन्हापुन्हा खोडून काढल्या. नानांनी सगळं मुकाट ऐकलं. एक सोडून.

त्यांना बोटीवर भरीत करायचं होतं. कपाशीच्या काड्या पेटवून, त्यात वांगी भाजून, लाकडी बडगीत ठेचून. "गॅसवरच्या भरताला कुत्रं तोंड लावणार नाही," ते म्हणाले. मुंबईतला कुणीही हसला असता. पण मी पडले खानदेशी, मला ते शंभर टक्के पटलं! मागच्या मोकळ्या डेकवर मी लोखंडी शेगडीची जागा काढली. डेकखाली इंजिन आणि डिझेलच्या टाक्या होत्या, म्हणून मध्ये जाड पत्रा घातला आणि स्वतःवरच खूश झाले.

हिवाळ्यात नानांनी शेवटची पसंती द्यायला मला सावद्याला, भावाच्या शेतावर बोलावलं. भरताचाच बेत होता. भाऊबंद जमलेले, आणि बोटीवर असंच भरीत होणार, असं नानांनी प्रत्येकाला सांगून ठेवलेलं. काड्या पेटल्या, वांग्यांची सालं तडतडायला लागली, छान वास सुटला. तेवढ्यात वारं सुटलं आणि एक ठिणगी उडून भावाच्या धोतरावर बसली. त्यांनी ती हाताने झटकली, सगळे हसले. मला मात्र माझी शेगडी आठवली. बोट पळायला लागली की वारा असणारच. फायबरची बोट, खाली डिझेल, आणि पळायला चहूकडे पाणी. अगं बाई, मी काय काढून बसले होते!

तिथेच बोटीचा आराखडा उलगडला आणि शेगडीवर फुली मारली.

"ताई, हाई काय?" नाना म्हणाले.

"बोटीवर ही आग पेटणार नाही, नाना. माझंच चुकलं."

"मी बठ्ठास्ले सांगेल शे!"

"मग जळून मरायचं असेल तर खुशाल दुसऱ्याकडून काढून घ्या."

जीभ आवरायला हवी होती. पण सगळ्या भाऊबंदांसमोर मी ते बोलून गेले. "घेतो," नाना शांतपणे म्हणाले. जेवल्याशिवाय मात्र त्यांनी मला उठू दिलं नाही. भरीत फक्कड झालं होतं.

काही दिवसांनी शेजारच्या अक्कांकडे साहेबांचा फोन आला. बोट दुसऱ्याकडे गेली होती. "मुंबई की राजीनामा?" त्यांनी विचारलं. "राजीनामा पाठवते," मी म्हणाले आणि फोन ठेवला. घरी जाववेना. पांझरेच्या काठाला जाऊन पोटभर रडले, डोळे पुसले, भाजी घेतली आणि परतले.

खोलीच्या मध्यावर लोखंडी ट्रंक उघडी होती. अक्कांनी आबांना फोनचं सगळं सांगितलं होतं आणि माळ्यावरून ती काढूनही दिली होती. आबा एका हाताने तिच्यात कपडे कोंबत होते.

माझं डोकंच फिरलं. "मला घालवून देताय का आबा? मी कुठेही जाणार नाही! तुमच्याकडे कोण बघणार?"

"तुनं काय शे यानामा?" ते म्हणाले.

मी वाकून पाहिलं. त्यांची धोतरं होती. त्यांची टोपी, दाढीचं सामान, औषधाच्या बाटल्या.

"मी बी येस मुंबईले," आबा म्हणाले. "तू माले कधी इचारं?"

कधीच नाही. बोटीवरची गादी किती जाड हवी हे मी नानांना दहादा विचारलं होतं, आणि माझ्या बापाला एवढं एक विचारलं नव्हतं.