तिसऱ्या दिवसाचा डबा

तिसऱ्या दिवसाच्या डब्यातील पेशी जिवंत होत्या. नियमाप्रमाणे त्या तोवर मरायला हव्या होत्या.

जालन्याच्या एका महाविद्यालयात मी रेशीम-अळीच्या पेशींवर संशोधन करते. कोष विणून झाला की अळीला रेशीमग्रंथीची गरज उरत नाही. ग्रंथीच्या पेशी आधी स्वतःचेच भाग पचवू लागतात. याला ऑटोफॅजी म्हणतात. मग त्या मरतात आणि त्यांतले द्रव्य पतंगाचे शरीर घडवायला उपयोगी पडते. आमच्या लॅबमधील अळ्यांत हे, अळी कोष विणायला सोडल्यापासून तिसऱ्या दिवशी दिसे. तीर्थपुरीचे रेशीम-शेतकरी शब्बीरभाई यांच्या शेडमधून तिसऱ्या दिवशी डब्यात येणाऱ्या अळ्यांत मात्र सलग तीन बॅचमध्ये दिसले नाही.

माझी विद्यार्थिनी प्रणाली हरखली. “मॅडम, शेडच्या उकाड्यानं पेशी उशिरा मरतायत. पेपरचं शीर्षकच सापडलं!” तिचा हा पहिलाच पेपर होता.

प्राचार्य म्हणाले, “सोमवारी पाठवून टाका. कॉलेजचं नाव होईल.”

पेपरमध्ये शेडचे तापमान नोंदवणे आवश्यक होते. शनिवारी थर्मामीटर घेऊन मी तीर्थपुरीला गेले. शब्बीरभाईंनी शेडला ओली पोती बांधली होती. आतले तापमान लॅबइतकेच भरले. पहिली शंका तिथेच आली. ते पिकलेल्या अळ्या चंद्रिकेवर, म्हणजे कोष विणण्याच्या जाळीवर, सोडत होते.

“यांचा तिसऱ्या दिवसाचा डबा कधी देणार?” मी विचारले.

“सोमवारी.”

“मंगळवारी ना?”

“आज पहिला, उद्या दुसरा, परवा तिसरा. बराबर आहे की, मॅडम!”

“आजचा शून्य धरायचा. चोवीस तास झाले की एक.”

ते खो-खो हसले. “मंग लेकरू जन्मलं त्या दिवशी ते दुनियेत आलंच न्हाई का? आमच्यात तर मय्यतीचा तिसरा दिवस, तिजा, बी असाच मोजतेत.”

माझ्या आईचा दहावा आम्हीही असाच मोजला होता. त्यांचा तिसरा दिवस अठ्ठेचाळीस तासांचा होता, आमचा बहात्तर तासांचा. पेशी उशिरा मरत नव्हत्या. आम्ही त्यांना लवकर गाठत होतो.

तिथूनच प्रणालीला फोन केला. ती म्हणाली, “बरं झालं मॅडम, सोमवारच्या आधी कळलं.”

पुढच्या बॅचचे डबे आम्ही तासांवर घेतले. दोन्हीकडच्या पेशी एकाच सुमारास मेल्या.

“म्हणजे नवीन काहीच नाही?” प्राचार्यांनी विचारले.

“आहे ना सर,” प्रणालीने उत्तर दिले. “लॅबमधलं उत्तर शेतकऱ्याच्या शेडमध्येही टिकतं.”

पेपर साध्या शीर्षकाने गेला आणि स्वीकारला गेला. सूक्ष्मदर्शक आम्ही नियमाने तपासून घेत होतो. शब्बीरभाईंना मात्र एकदाही काही विचारले नव्हते. आता डब्यावर ‘बहात्तर तास’ असे लिहिलेले असते. खाली शब्बीरभाई पेन्सिलीने ‘चौथा दिवस’ असेही लिहितात. मी ते खोडत नाही.